तलावांच्या मुलुखातील उद्योग : चांदा प्रदेशाचा उदय, अस्त आणि पर्यटनाचे नवे पर्व

वर्धा नदीच्या पूर्वेला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आणि खाली प्राणहिता-इंद्रावतीच्या खोऱ्यांपर्यंत पसरलेला अरण्यप्रदेश पूर्वी एकाच नावाने ओळखला जात असे – चांदा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या विशाल जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि जुन्या चांद्याचे दोन भाग झाले. तथापि इतिहास, अरण्य आणि पाणी या तिन्ही दृष्टींनी हा प्रदेश आजही एकसंध आहे. आज या प्रदेशाचे नाव निघताच बाहेरच्या माणसाला ताडोबाचा वाघ आठवतो; उघड्या जिप्सीतून फिरणारे पर्यटक, तलावाच्या काठी पाणी पिण्यास आलेली वाघीण आणि कॅमेऱ्यांची गर्दी हे चित्र देशविदेशात पोहोचले आहे. परंतु शे-सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रदेशाकडे उद्याचे पोलादनगर म्हणून पाहिले जात होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लोखंड, दगडी कोळसा, कागद, वीज असे एकामागून एक उद्योग येथे आले. काही नामशेष झाले, काही क्षीण झाले, काही आजही धूर ओकत उभे आहेत. या सर्वांच्या आधी जे होते आणि जे अद्याप पुष्कळ अंशी टिकून आहे, ते म्हणजे येथील तलाव. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रदेशाचा मागोवा घेताना तलाव आणि उद्योग यांच्या या दुहेरी इतिहासाकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

तुकूम : पाण्याच्या बदल्यात जमीन

चांद्याच्या गोंड राजवंशाची कीर्ती मुख्यतः किल्ल्यांमुळे व चंद्रपूरच्या परकोटामुळे आहे. खांडक्या बल्लाळशाह आणि राणी हिरातनी यांनी वसविलेल्या या नगराची कथा, कुत्र्याचा पाठलाग करणाऱ्या सशाची ती दंतकथा, येथील प्रत्येक घरात सांगितली जाते. परंतु या राजवंशाचे खरे रचनात्मक कार्य परकोटाच्या बाहेर, रानात झाले. परंपरेने राजा हीरशाह याच्या नावाशी जोडलेली एक व्यवस्था प्रसिद्ध आहे. जो कोणी रान तोडून जमीन लागवडीस आणील त्याला ती जमीन मिळावी, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तितकी जमीन बहाल व्हावी, असा तो नियम होता. अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम हा भाग आज दाट वस्तीचा आहे. त्याच्या नावात ही जुनी राजनीती गोठलेली आहे.

या नियमाचे मर्म विचार करण्यासारखे आहे. तलाव बांधणाऱ्याला मोबदला रोख मिळत नसे. तो पाण्यातून मिळत असे. पाळ फुटली, गाळ साचला, सांडवा मोडला तर भिजणारी जमीन घटे आणि मालकाचे उत्पन्नही घटे. म्हणून तलाव बांधणाऱ्याचा स्वार्थ आणि तलावाचे आयुष्य हे एकमेकांशी बांधले गेले. ब्रह्मपुरी-नागभीडच्या भागात कोहळी समाजाने तलाव बांधण्याच्या कलेत जे प्रावीण्य मिळविले त्याची ख्याती सर्वत्र होती. दोन टेकड्यांमधील उताराचा नेमका अंदाज, पाळीची माती, पाणी सोडण्याची तुडुंब भरल्यावरची वाट, हे सारे ज्ञान कागदावर न उतरता पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेले. या तलावांवर धानाची शेती फुलली, ढिवर समाजाची मासेमारी चालली आणि काठच्या येन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसले गेले. नागभीड, आरमोरी, चिमूर, सिंदेवाही या गावांतील कोष्टी विणकरांचे कोसा वस्त्र दूरवर जात असे.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या अमलाखाली आला. पुढील जमाबंदीत गावचे पाटील मालगुजार ठरले व तलावही त्यांच्या ताब्यात राहिले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव सरकारजमा झाले. आज भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ अथवा थोडक्यात ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जातात. मालगुजारी पद्धतीत अन्याय होता व ती जाणे इष्टच होते. परंतु तिच्यासोबत तलावाची निगा राखण्याची बांधिलकीही गेली. ज्याचा तलाव सर्वांचा झाला त्याचा गाळ मात्र कोणाचाच राहिला नाही.

अरण्यातील लोहभट्ट्या आणि हुकलेले पोलादनगर

तलावांच्या या मुलुखातच लोखंडाचा उद्योगही होता. सिंदेवाहीजवळचे लोहारा व गुंजेवाही, वैनगंगेपलीकडील देवलगाव या परिसरात अरण्यातील कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशाच्या आचेवर व चामड्याच्या भात्यांच्या वाऱ्यावर लोहदगड वितळवीत. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, तलाव खणण्याची कुदळ या वस्तू याच लोखंडाच्या बनत. भट्टी लहान, तिला लागणारे लाकूडही बेताचे. गावाची गरज आणि रानाची ऐपत यांचा मेळ त्यात बसलेला होता.

लोहाऱ्याची लोहदगडाची टेकडी इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञांच्या नजरेत भरली. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या शक्यतांवर एक अहवाल लिहिला. लोहाऱ्याचा दगड उत्तम आहे, असा त्याचा निष्कर्ष होता; जवळच्या वरोऱ्याचा दगडी कोळसा मात्र लोखंड वितळविण्यास योग्य ठरला नाही. नागपूरला एम्प्रेस मिल स्थापून पाच वर्षे झालेल्या जमशेटजी टाटांच्या वाचनात हा अहवाल आला आणि पोलाद कारखान्याच्या त्यांच्या स्वप्नाचा आरंभ या चांद्याच्या कागदांतून झाला. परंतु त्या काळचे खाणपरवान्याचे नियम जाचक होते व योग्य कोळसाही नव्हता. त्यांनी तो विचार बाजूस ठेवला.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, १८९९ मध्ये, खाणींचे नियम सैल झाले आणि जमशेटजींनी जुने स्वप्न पुन्हा हाती घेतले. १९०४ मध्ये सी. एम. वेल्ड हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ दोराबजी टाटा व शापुरजी सकलातवाला यांच्यासह चांद्याच्या रानात शोध घेऊ लागले. लोहाऱ्याचा दगड चांगला होता, परंतु मोठ्या कारखान्याला पुरेल इतका साठा सलग नव्हता आणि कोळशाची अडचण तशीच होती. शोध थांबवावा असे ठरत असतानाच दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात भूगर्भ सर्वेक्षणाचा एक नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग गडद रंगविलेला होता. तेथून मार्ग धल्ली-राजहराकडे आणि पुढे पी. एन. बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजाकडे वळला. १९०७ मध्ये टाटा कंपनी स्थापन झाली आणि कारखाना उभा राहिला तो आजच्या जमशेदपुरास. चांद्याच्या वाट्याला आले ते केवळ इतिहासातले एक पान.

दरम्यान गावच्या भट्ट्याही विझू लागल्या होत्या. रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात दाराशी आणले. १८७८ च्या वनकायद्याने अरण्य राखीव झाले आणि कोळशासाठी लाकूड तोडणे दुरापास्त झाले. मोठा कारखाना आला नाही आणि छोटा उद्योग टिकला नाही. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळले त्यांची मुले शेतमजूर झाली. लोहारा, लोहारडोंगरी ही गावांची आणि टेकड्यांची नावे तेवढी मागे राहिली.

वरोऱ्याची खाण : पस्तीस वर्षांचे वैभव

लोखंडाचे जे झाले त्याहून कोळशाची कथा वेगळी असली तरी शेवट फारसा निराळा नाही. १८७० च्या दशकाच्या आरंभी वरोऱ्यास सरकारी कोळसा खाण सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून खास लोहमार्ग टाकण्यात आला व १८७७ मध्ये तो वरोऱ्यापर्यंत पोहोचला. त्या काळी मध्य प्रांतात आगगाडी ज्या थोड्या गावांपर्यंत गेली होती त्यांत वरोऱ्याची गणना होऊ लागली. कापसाची बाजारपेठ वाढली, गोदामे उभी राहिली आणि रेल्वेच्या मागोमाग मारवाड, गुजरात, कच्छ येथून व्यापारी घराणी येऊन या भागात स्थिरावली. धान्य, कापड, सराफी यांबरोबरच वनोपज, इमारती लाकूड, तेंदूपाने व कोळसा यांच्याशीही त्यांचा व्यवसाय जोडला गेला. जैन व्यापारी यास अपवाद नव्हते. आज चंद्रपूर, वरोरा, भद्रावती, बल्लारपूर येथे जी जैन वस्ती दिसते तिच्या जडणघडणीत या लोहमार्गाचा वाटा मोठा आहे.

१९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद पडली. तिचे एकूण आयुष्य पस्तीस वर्षांच्या आसपास. आज सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या वयापेक्षाही ते कमी भरते. खाणकाम दक्षिणेकडे बल्लारपूरला सरकले, रेल्वेही तिकडे गेली आणि वरोऱ्याला आपल्या भवितव्याचा नव्याने विचार करावा लागला. पुढे याच वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या कुष्ठरोगी बांधवांनी तेथे विहिरी खणल्या, तळी केली आणि माळाची शेते केली. जमिनीखालचे काढून घेतल्यावर जे गाव रिते झाले, त्याच्या शेजारी जमिनीवर पाणी अडवून नवी वस्ती उभी राहिली, हा योगायोग लक्षणीय आहे.

भद्रावती : तीर्थ आणि कारखाने

वरोरा आणि चंद्रपूर यांच्या मध्ये भद्रावती, जुने भांदक, वसलेले आहे. हे गाव तलावांच्या काठीच वाढले. विजासन टेकडीतील बौद्ध लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि तलावातील बेटाकडे नेणारा दगडी खांबांचा जुना पूल हे सारे या नगराच्या प्राचीनतेची साक्ष देतात. जनरल कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकात येथे येऊन या अवशेषांची नोंद केली आणि ह्युएनत्संगाने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी हीच असावी असा तर्क मांडला. विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत. परंतु येथे बौद्ध, जैन व हिंदू या तिन्ही परंपरा शेजारीशेजारी नांदल्या याविषयी मतभेद नाही.

जैन समाजाच्या दृष्टीने भद्रावतीचे महत्त्व स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थामुळे आहे. १९१० च्या सुमारास शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुजभाई यांना स्वप्नात नागराजाने भांदकच्या रानात नेऊन प्रभूंच्या मूर्तीचे दर्शन घडविले, आणि शोध घेता खरोखरच तेथे मूर्ती आढळली, अशी या तीर्थाच्या प्राकट्याची परंपरा आहे. पुढील दशकभरात मंदिर उभे राहिले आणि दूरदूरचे यात्रेकरू येऊ लागले. वरोऱ्याची खाण बंद झाल्यानंतर अवघ्या काही वर्षांतच, तिच्यापासून थोड्याच अंतरावर, या भूमीने आपल्या उदरातून हे दुसरे धन दिले. कोळसा एकदा काढला की संपतो. तीर्थाला मात्र जितके लोक येतात तितके ते वाढते. या अर्थाने या प्रदेशात पर्यटनाचा पाया सफारीने घातला नसून यात्रेने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भद्रावतीभोवती उद्योगांची गर्दी झाली. १९५५ मध्ये कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या रूपाने कुंभारकलेला आधुनिक प्रशिक्षणाची जोड दिली. तलावकाठची माती आणि कुंभाराचा हात यांवर उभा असलेला हा उद्योग होता. १९६० च्या दशकात संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आला. माजरी परिसरात कोळसा खाणी विस्तारल्या. १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रो कंपनीच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणात संपादित झाल्या. तो प्रकल्प मात्र कधीच उभा राहिला नाही. शेती गेली, कारखाना आला नाही आणि ती जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. लोहाऱ्याच्या पोलादनगराप्रमाणेच हेही एक न घडलेले औद्योगिक स्वप्न. अंतर एवढेच की टाटांच्या माघारीत कोणाचे शेत गेले नव्हते.

कागद, वीज आणि काळवंडलेले आकाश

बल्लारपुरास १९४५ मध्ये कागदाच्या उद्योगाचा पाया घातला गेला. थापर समूहाच्या या गिरणीने पुढे देशात मोठे नाव मिळविले. तिचा कच्चा माल म्हणजे चांद्याच्या अरण्यातील बांबू. ज्या बांबूपासून बुरूड समाज सूप, टोपल्या, ताटवे विणीत असे, तोच बांबू कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी आणि सवलतीच्या दराने मिळू लागला. बल्लारपूर हे कामगारांचे शहर झाले. हजारो कुटुंबांना स्थिर पगार, घर, शाळा मिळाली, हे विसरून चालणार नाही. परंतु गडचिरोलीतील गावांना आपल्याच रानातील बांबू तोडल्यास दंड होई, हेही तितकेच खरे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने या विसंगतीविरुद्ध दीर्घ लढा दिला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची विक्री करण्याचा अधिकारही मिळाला. कागद उद्योगाचे चक्रही याच काळात फिरले. जुनी मूळ कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

१९८० च्या दशकात चंद्रपूरजवळ महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याच्या पाण्यासाठी इरई नदीवर धरण झाले. सिमेंट, फेरो अलॉय, कोळसा या उद्योगांनी चंद्रपूरला महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर अग्रस्थान दिले. त्याची किंमतही लवकरच दिसू लागली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. गोंड राजांच्या राजधानीतील रामाळा तलाव, ज्याचे नाव राजा रामशाहाशी जोडले जाते, तो सांडपाण्याने व जलपर्णीने भरून गेला. ज्या तलावाच्या काठी शहर वाढले तोच शहराचा उकिरडा ठरला.

ताडोबा : देवाच्या तळ्यापासून सफारीपर्यंत

चंद्रपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, दाट सागवान व बांबूच्या अरण्यात ताडोबाचा तलाव आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मृत्यू पावला आणि आदिवासींनी त्याला देव मानले; तलावाच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरत असे, अशी परंपरा आहे. चंद्रपूरहून ताडोबाकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर गोंडकालीन दगडी स्तंभांची ओळ आजही दिसते. त्यांना दोर बांधून घंटेने संदेश पोहोचविला जाई असे सांगतात. म्हणजे हे अरण्य निर्मनुष्य नव्हते. ते माणसाच्या वाटांनी, देवांनी आणि भीतीनेही भरलेले होते.

१९३५ मध्ये ताडोबात शिकारीवर बंदी आली. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१० मध्ये भोवतालचे सुमारे अकराशे चौरस किलोमीटर क्षेत्र बफर म्हणून अधिसूचित झाले. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही प्रवेशद्वारे गजबजली. मार्गदर्शक, वाहनचालक, विसावागृहे यांतून स्थानिक तरुणांना काम मिळू लागले. नागभीड तालुक्यातील घोडाझरी हा इंग्रज काळात सिंचनासाठी बांधलेला तलाव. त्याच्या परिसराचे २०१८ मध्ये अभयारण्य झाले. जेथे एके काळी कालव्याच्या पाण्याची वाट पाहिली जाई, तेथे आता सुट्टीचे प्रवासी येतात.

पर्यटन म्हणजे धूर नसलेला उद्योग, असे म्हटले जाते. परंतु या उद्योगालाही किंमत आहे आणि ती प्रत्येकाने सारखी मोजलेली नाही. गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे आणि कोळसा गावाचा काही भाग २००७ पासून पुढे टप्प्याटप्प्याने बाहेर हलविण्यात आला. वाघांची संख्या वाढली, त्यांना राखीव क्षेत्र अपुरे पडू लागले आणि माणूस-वन्यप्राणी संघर्ष तीव्र झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रियांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या तालुक्यात एकेकाळी लोहभट्ट्या पेटत होत्या तो हाच तालुका. पर्यटकाला वाघ दिसला तर त्याचा दिवस सार्थकी लागतो. पाने वेचणाऱ्या स्त्रीला वाघ दिसला तर तिचा दिवस संपतो. या दोन दर्शनांतील अंतर हाच आजच्या चांद्यापुढील खरा प्रश्न आहे.

दुसरीकडे, अरण्याखालील कोळशाची ओढही संपलेली नाही. ताडोबाजवळील लोहारा येथे (हे सिंदेवाहीच्या लोहाऱ्याहून निराळे) मोठी कोळसा खाण प्रस्तावित होती. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २००९ मध्ये तिच्याविरुद्ध उपोषण केले, नागरिक एकवटले आणि केंद्र सरकारने त्या प्रस्तावास नकार दिला. गडचिरोलीत मात्र लोखंडाने पुनरागमन केले आहे. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिजाचे उत्खनन २०१६ मध्ये सुरू होऊन हिंसाचारामुळे थांबले; २०२१ नंतर ते पुन्हा मोठ्या प्रमाणावर चालू झाले आणि कोनसरी येथे त्यावर आधारित कारखाना उभा राहिला. जमशेटजींना जे हुलकावणी देऊन गेले ते लोखंड शतकानंतर दुसऱ्या डोंगरातून निघत आहे. रोजगाराची आशा आणि अरण्याची चिंता या दोन्ही त्यासोबत आल्या आहेत.

श्रावकधर्माच्या कसोटीवर

या दीर्घ इतिहासाकडे जैन दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. उपासकदशांग या आगमात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या वर्णनात पंधरा कर्मादानांचा, म्हणजे श्रावकाने वर्ज्य करावयाच्या व्यवसायांचा, उल्लेख आहे. त्यांत अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणे व भट्ट्या चालविणे. वनकर्म, म्हणजे अरण्यतोड. स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडणे. लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार. आणि सर-द्रह-तडाग-शोषण, म्हणजे सरोवरे, डोह व तलाव आटविणे यांचा समावेश होतो. ही यादी वाचताना जणू चांदा जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या उद्योगाचीच सूची वाचतो आहोत असे वाटते. कोशातील जीव मारून निघणाऱ्या कोशाच्या वस्त्राविषयीही श्रावकाच्या मनात संकोच असतोच.

ही यादी जुन्या काळाची आहे; आधुनिक समाज वीज, पोलाद व कागद यांवाचून चालत नाही आणि हे पान ज्या कागदावर छापले आहे त्यामागेही एक अरण्य आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही. शिवाय समाजातील घराण्यांनी या व्यवसायांतून अर्थार्जन केले आणि त्यातूनच मंदिरे, पाठशाळा, धर्मशाळा उभ्या राहिल्या, हेही सत्य आहे. म्हणून या कर्मादानांचा उपयोग इतरांवर दोष ठेवण्यासाठी करणे उचित नाही. त्यांतील दृष्टी मात्र आजही मार्गदर्शक आहे. जो व्यवसाय आपल्या आधारालाच खाऊन टाकतो तो टिकत नाही. वरोऱ्याच्या खाणीने, विझलेल्या लोहभट्ट्यांनी आणि पडीक राहिलेल्या जमिनींनी हे सिद्ध केले आहे. आणि त्या पंधरांत तलाव आटविण्याचा वेगळा उल्लेख करणाऱ्या आचार्यांना पाण्यातील असंख्य जीवांचे व पाण्यावर जगणाऱ्या गावांचे मोल पूर्णपणे ठाऊक होते.

चांद्याचे तलाव टिकले, कारण ते बांधणाऱ्याने घेण्याआधी दिले. तुकूमच्या नियमात अपरिग्रहाचा शब्द नव्हता, पण मर्यादा होती : जितके पाणी अडवाल तितकेच भिजेल, जितके भिजेल तितकेच तुमचे. पर्यटनाच्या आजच्या उद्योगालाही हीच मर्यादा लागू पडते. वाघ तलावाकाठी येतो म्हणून पर्यटक येतो. तलाव आटला, अरण्य विरळ झाले, काठचा माणूस विटला तर या उद्योगाची गतही वरोऱ्याच्या खाणीहून निराळी होणार नाही.

समाजाच्या हाती या बाबतीत करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याची उदाहरणेही आहेत. २०१७ मध्ये इको-प्रोने चंद्रपूरच्या परकोटाची स्वच्छता श्रमदानाने हाती घेतली. २०२१ मध्ये रामाळा तलावासाठी बंडू धोतरे यांनी पुन्हा उपोषण केले आणि त्यानंतर तलावातील गाळ काढण्याच्या कामाला गती मिळाली. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम सुफलाम’ उपक्रमाद्वारे तलाव व जलसाठ्यांतील गाळ उपसण्याचे मोठे काम केले. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत नेला. चंद्रपूर-गडचिरोलीतील मामा तलाव अशाच हातांची वाट पाहत आहेत. ज्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या जातात त्यांच्या स्नानाचे व पिण्याचे पाणी शेवटी याच भूमीतून येते. एका तलावाचा गाळ काढणे, एका पाळीची डागडुजी करणे, वाघाच्या हल्ल्यात कर्ती स्त्री गमावलेल्या एखाद्या घरातील मुलांच्या शिक्षणाचा भार उचलणे, ही कार्ये जीवदयेच्या कक्षेबाहेरची नाहीत.

पन्नास वर्षे हा संस्थेच्या जीवनात गौरवाचा टप्पा असतो. तलावाच्या जीवनात मात्र तो केवळ एकदा गाळ काढण्याइतका काळ होय. चांद्याच्या अरण्यात लोखंड आले आणि गेले, कोळसा निघाला आणि संपला, कागदाची भरभराट झाली आणि ओसरली. पाणी मात्र दर पावसाळ्यात पुन्हा येते. त्याला थांबण्यास जागा हवी, एवढेच. ती जागा राखून ठेवण्याचे काम या मुलुखाने एके काळी राजाज्ञेने केले. यापुढे ते समाजाने स्वेच्छेने करावयाचे आहे.